राहून गेलेले डोस
नांदेड-लातूरमधल्या बाळलसीकरणाचा आढावा

लसीकरणाविषयी बोलताना आपण बहुधा दोनच प्रकारचे आईबाप गृहीत धरतो : लस देणारे आणि लसीला विरोध करणारे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची २०१९-२१ची पाचवी फेरी चाळली की तिसराच गट पुढे येतो. देशातल्या १२ ते २३ महिन्यांच्या शंभर मुलांपैकी ९५ जणांना जन्मानंतरची बीसीजी मिळालेली होती. गोवराचा पहिला डोस ८८ जणांपर्यंत पोचला. ठरलेले सगळे मूळ डोस पूर्ण झालेली मुलं मात्र ७६च. एकही लस न मिळालेली जेमतेम चार. म्हणजे आशाताईला दारातूनच परत पाठवणारी घरं थोडी आहेत; सुरुवात करून मध्येच थांबलेली घरं त्यांच्या पाचपट आहेत.

महाराष्ट्राचा आकडा याच सर्वेक्षणात ७३.५ टक्के, म्हणजे देशाच्या सरासरीहून कमी. त्याआधीचा इतिहास तर आणखी अवघडून टाकणारा आहे. १९९८-९९ मध्ये राज्यातली सुमारे ७८ टक्के मुलं पूर्ण लसीकरण झालेली होती. २००५-०६ मध्ये हा आकडा ५९ वर आला आणि २०१५-१६ मध्ये ५६ वर. पुढच्या पाच वर्षांत तो वर चढला, तरी विसाव्या शतकाच्या शेवटी राज्य जिथं होतं तिथं परत पोचलं नाही. पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट जगभर पाठवायला गोवर-रुबेलाची लस बनवते, परळच्या हाफकिनमध्ये पोलिओचे थेंब तयार होतात, आणि त्याच राज्यात दर चार बाळांमागे एकाचं कार्ड अर्धवट राहतं.

डिसेंबर २०१४ मध्ये केंद्र सरकारने मिशन इंद्रधनुष जाहीर केलं. पहिल्या टप्प्यासाठी लसीकरणात मागे पडलेले २०१ जिल्हे निवडले. त्यांत महाराष्ट्रातले सात होते : बीड, धुळे, हिंगोली, जळगाव, नांदेड, नाशिक, ठाणे. नांदेड यादीत आलं, शेजारचं लातूर आलं नाही. पण जिल्ह्याची हद्द ही महसुलाची सोय आहे. मुखेड-कंधारचे तांडे आणि जळकोट-अहमदपूरचे तांडे यांच्यात सोयरिकी आहेत, त्यांना ऊसतोडीला नेणाऱ्या मुकादमांची जाळी एकमेकांत गुंतलेली आहेत आणि उदगीरच्या बाजाराला दोन्हीकडची माणसं येतात. म्हणून या दोन जिल्ह्यांचा विचार एकत्र करायला हवा. इथल्या आईबापांना लस घ्यायला प्रवृत्त कसं करायचं, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. माझ्या मते प्रश्न थोडा सरकवला पाहिजे : ज्यांनी पहिली सुई आनंदाने टोचून घेतली, त्यांच्या लेकराची पुढची सुई कुठं आणि का राहते?

देवीच्या वणापासून पोलिओच्या थेंबांपर्यंत

हिंदुस्थानातली पहिली लस महाराष्ट्रातच टोचली गेली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस दिली. जानेवारी १८९७ मध्ये प्लेगने मुंबई हैराण असताना वाल्डेमार हाफकिन यांनी आपण तयार केलेली लस आधी स्वतःला टोचून घेतली. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मुंबई इलाख्याचे कायदे इथं लागू नव्हते, तिथल्यासारखे दवाखानेही नव्हते. तरी देवी काढणारा माणूस इथल्याही गावात येत होता. वयस्कर माणसांच्या दंडावरचा वण त्याची साक्ष आहे. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रोग जगातून संपल्याचं जाहीर केलं.

उस्मानाबादपासून वेगळा होऊन लातूर जिल्हा १९८२ मध्ये झाला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९८५ मध्ये, सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला आणि १९९० पर्यंत देशभर पसरला. १९९५ पासून पल्स पोलिओचे रविवार आले. एसटी स्टँडवर, रेल्वे फलाटावर, आठवडी बाजारात बूथ लागले; लेकराच्या बोटाला शाई लावणं गावोगाव ओळखीचं झालं. देशातला शेवटचा पोलिओ रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, हावड्याचा. मार्च २०१४ मध्ये भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. २०१५ मध्ये बाळंतिणीचा आणि नवजात बाळाचा धनुर्वात देशातून हटल्याची मोहोर लागली. विळ्याने नाळ कापलेल्या घरात बाळाचं अंग ताठून जायचं, दूध ओढणं बंद व्हायचं. गावात सुरक्षित बाळंतपण आणि गरोदरपणातलं इंजेक्शन या दोन गोष्टी पोचल्या आणि तो प्रकार थांबला.

या यशाची किंमत अशी की आजच्या विशीतल्या आईने घटसर्प पाहिलेला नाही. घशात राखाडी पडदा धरून लेकरू गुदमरताना तिने पाहिलं नाही. डांग्या खोकल्यात श्वास ओढताना येणारी हूप तिने ऐकली नाही. घरात हे पाहिलेली एकच व्यक्ती असते, ती म्हणजे सासू किंवा आजी. आरोग्य खात्याच्या बोलण्यात सासू हा बहुधा अडथळा असतो. खरं तर रोगाची साक्षीदार तीच आहे. तुमच्या भावंडांत, शेजारपाजारी कोणाचं लेकरू गोवराने गेलं होतं का, एवढं तिला विचारलं तर ती जे सांगते ते कोणत्याही भित्तिपत्रकापेक्षा सुनेच्या मनावर जास्त ठसतं.

सत्राच्या दिवशी

लस देणं म्हणजे नेमकं काय, हे जवळून पाहिल्याशिवाय ती का चुकते हे कळत नाही. गावात महिन्यातून एक ठरलेला दिवस लसीकरणाचा असतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातून निळा डबा येतो. त्यात चार बर्फाच्या पिशव्या आणि मधोमध लसीच्या व्हायल. लस २ ते ८ अंश तापमानात राहिली पाहिजे. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर गेलेल्या मराठवाड्यात आणि वीज जाण्याची सवय असलेल्या गावांत ही अट सोपी नाही. म्हणून व्हायलवर एक खूण असते : गोलाच्या आत चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तोवर लस चांगली. उष्णता लागत गेली की तो गडद होत जातो आणि गोलाच्या रंगाशी जुळला की व्हायल फेकायची. ही खूण कोणत्याही आईला पाहता येते आणि ‘सिस्टर, चौकोन दाखवा’ म्हणायला तिला लाज वाटायचं कारण नाही. सुई एकदा वापरली की दट्ट्या अडकतो. ती दुसऱ्या बाळाला वापरताच येत नाही.

दीड महिन्याच्या बाळाची पहिली मोठी भेट अशी होते. आधी तोंडात पोलिओचे दोन थेंब, मग जुलाबांवरची रोटा लस. उजव्या दंडाच्या कातडीत पोलिओचं छोटं इंजेक्शन. उजव्या मांडीत न्यूमोनियावरची पीसीव्ही. डाव्या मांडीत पेंटा : घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब अशा पाच रोगांवरचं एकच इंजेक्शन. तीन सुया एका दिवशी. लेकरू किंचाळतं, आई डोळे मिटते, बाहेर उभ्या आजीचा जीव वरखाली होतो. त्यानंतर अर्धा तास तिथंच थांबायचं असतं.

पूर्ण वेळापत्रक लक्षात ठेवायला फार अवघड नाही. जन्मल्यावर लगेच बीसीजी, पोलिओचे थेंब आणि चोवीस तासांच्या आत कावीळ ब. मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटा, रोटा, पोलिओ. पीसीव्ही त्यांतल्या पहिल्या आणि तिसऱ्या भेटीत. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाचा पहिला डोस, पीसीव्हीचा बूस्टर, पोलिओचं तिसरं इंजेक्शन आणि अ जीवनसत्त्व. दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान गोवर-रुबेलाचा दुसरा आणि त्रिगुणी लसीचा बूस्टर. पाच वर्षांनंतर आणखी एक बूस्टर. सगळं फुकट, आणि देशातल्या कोणत्याही सरकारी केंद्रात.

इथल्या रूढीशी हे वेळापत्रक जुळतंही. बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर पडत नाही. सव्वा महिना सरतो तो अडतीस-चाळीस दिवसांनी. सहावा आठवडा पुरा होतो बेचाळिसाव्या दिवशी. म्हणजे ओवरी सोडून बाहेर पडायचा मुहूर्त आणि पहिल्या पेंटाची तारीख जवळपास एकच. ‘सव्वा महिना झाला, आता देवाला आणि लसीला’ एवढं गावात रुजलं, तर रूढीशी भांडण न करता काम होईल.

कार्ड माहेरी, बाळ सासरी

पहिलं बाळंतपण माहेरी होतं, हे आपण इतकं गृहीत धरतो की लसीकरणाच्या हिशेबात ते विसरतो. गरोदरपणाची नोंद सासरच्या गावात होते. सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी माहेरी जाते. बाळाला जन्माचे डोस तिकडच्या ग्रामीण रुग्णालयात मिळतात, पहिला पेंटा माहेरच्या अंगणवाडीत. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पाळणा, भेटवस्तू, आहेर घेऊन बाळ सासरी येतं. माता-बाल संरक्षण कार्ड कुठल्या तरी पिशवीत माहेरीच राहतं. सासरच्या आशाताईच्या वहीत हे बाळ नाही, कारण ते इथं जन्मलेलं नाही. माहेरच्या आशाताईच्या वहीत ते आहे, पण ‘बाहेरगावी’ असा शेरा मारून. दोघींनीही आपलं काम केलेलं असतं आणि बाळाचा चौदाव्या आठवड्याचा डोस दोन वह्यांच्या मधल्या जागेत पडलेला असतो.

कार्डाचं महत्त्व आकड्यांतही दिसतं. त्याच पाचव्या सर्वेक्षणात, ज्या मुलांची माहिती कार्डावरून घेता आली त्यांच्यात पूर्ण लसीकरण ८३.८ टक्के होतं. सगळ्यांचं मिळून ७६.४. कार्ड जपणारं घर मुळात काळजी घेणारंही असतं, त्यामुळे सगळं श्रेय कागदाला देता येणार नाही. पण पुढची तारीख लिहिलेला कागद हाताशी असणं आणि नसणं यात फरक पडतो, हे कोणतीही सिस्टर सांगेल. लातूर पॅटर्नच्या गावात दहावी-बारावीच्या गुणपत्रिका लॅमिनेट करून कपाटात ठेवणारी घरं आहेत. बाळाच्या या पहिल्या प्रगतिपुस्तकालाही तेवढीच किंमत यायला हवी.

कोयत्याबरोबर गेलेलं बाळ

नांदेडच्या मुखेड, कंधार, लोहा भागातून आणि लातूरच्या जळकोट-अहमदपूर पट्ट्यातून दसरा-दिवाळीनंतर माणसं ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, त्यामुळे जाणं टाळता येत नाही. समजा बाळ ऑगस्टच्या मध्यात जन्मलं. पहिला पेंटा सप्टेंबरअखेर, गावातच मिळतो. दुसरा ऑक्टोबरच्या शेवटी, सामानाची बांधाबांध सुरू असताना. तिसरा नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, तेव्हा बाळ सांगली-कोल्हापुरात किंवा सीमेपलीकडे कर्नाटकातल्या कारखान्याच्या शेतावर, कोपीच्या सावलीत झोळीत असतं. पहाटे तीनला फडात जाणाऱ्या आईला तिथलं उपकेंद्र कुठं आहे हे माहीत नसतं आणि तिथल्या आशाताईला ही कोपी काल उभी राहिली हे माहीत नसतं. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडून घरी आल्यावर बाळ आठ महिन्यांचं झालेलं असतं.

वीटभट्ट्यांवर आणि हैदराबादच्या बांधकामांवर जाणाऱ्या कुटुंबांचं असंच आहे. देगलूर, बिलोली, धर्माबाद तेलंगणाला लागून, उदगीर-देवणी-निलंगा कर्नाटकातल्या बिदरला लागून. तेलंगणातल्या नोंदणीचा नांदेडच्या नोंदवहीशी संबंध नसतो. यू-विन हे देशभराचं ऑनलाइन नोंदणीचं व्यासपीठ याच दुखण्यावर काढलंय : बाळाची नोंद एकदा झाली की ते कुठंही गेलं तरी राहिलेला डोस दिसावा. मात्र फोन बापाच्या खिशात आणि नंबर दर हंगामाला बदललेला, अशा घरात संदेश पोचणार कुणाला? म्हणून नोंदणीच्या वेळी मुकादमाचा किंवा घरी राहणाऱ्या आजीचाही नंबर लिहून घेणं, ही साधी गोष्ट कामाची ठरते.

या स्थलांतरितांसाठी एक माहिती सगळ्यात मोलाची आहे आणि तीच सगळ्यात कमी सांगितली जाते. डोस चुकला म्हणून मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही. जिथं थांबलं तिथून पुढे द्यायचं. पेंटा वर्षाच्या आत कधीही सुरू करता येतो, बीसीजी वर्षापर्यंत देता येते, गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत. ‘आता लई उशीर झाला, सिस्टर बोलतील’ या संकोचाने आई केंद्राकडे फिरकतच नाही. उशिरा आलेल्या आईला पहिलं वाक्य ‘बरं झालं आलात’ असं ऐकू आलं, तर ती पुढच्या वेळी न बोलावता येईल.

किनवट-माहूरचा डोंगराळ पट्टा हा वेगळा विषय आहे. गोंड, कोलाम, आंध आणि बंजारा वस्त्या विखुरलेल्या. पावसाळ्यात नाले भरले की वाट बंद. तिथं सत्र ठरलेल्या दिवशी न होणं हेच लस चुकण्याचं मोठं कारण असतं. दुसऱ्या टोकाला नांदेडची डॉक्टर लेन आणि लातूर शहरातली खासगी बालरुग्णालयं. तिथं लसीकरण होतं, पण पैशाने. आणि दोन-तीन भेटींनंतर हात आखडला की कुटुंब थांबतं. यादीतल्या लसी महापालिकेच्या दवाखान्यात फुकट मिळतात आणि खासगीत सुरू केलेलं लसीकरण सरकारीत पुरं करता येतं, हे बालरोगतज्ज्ञांनी आपणहून सांगायला हवं.

तापाची भीती

‘लेकरू चांगलं खेळत होतं, सुई टोचली अन् रात्रभर तापानं फणफणलं.’ दुसऱ्या डोसला न येण्याचं हे सगळ्यात जुनं कारण आहे आणि ते खोटं नाही. पेंटामधला डांग्या खोकल्याचा घटक पूर्ण पेशींचा असतो. त्याने बऱ्याच बाळांना एक-दोन दिवस ताप येतो, मांडी दुखते, चिडचिड होते. खासगीत मिळणाऱ्या, ‘पेनलेस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लसीने ताप कमी येतो, पण तिचं डांग्या खोकल्यापासूनचं संरक्षण लवकर ओसरतं. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी फोड येतो, फुटतो, वण राहतो. त्यावर हळद, तेल काही लावायचं नसतं. गोवर-रुबेलानंतर आठवडाभराने हलका ताप, पुरळ येऊ शकतं.

हे सगळं आधी सांगितलं तर ताप आल्यावर घर घाबरत नाही. न सांगता ताप आला तर ते फसवणूक समजतं. म्हणून सिस्टरने प्रत्येक आईला चार गोष्टी सांगायच्या असतात : आज कोणती लस दिली, तिने काय त्रास होऊ शकतो आणि काय करायचं, पुढची तारीख कोणती, आणि कार्ड जपून ठेवून पुढच्या वेळी आणा. गर्दीत यातली शेवटची दोन सांगितली जातात, दुसरी राहते. तीच सर्वांत महत्त्वाची. वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल किती द्यायचं, अंगावर पाजत राहायचं, मांडी चोळायची नाही. आणि ताप उतरतच नसेल, बाळ तीन-तीन तास एकसारखं रडत असेल, झटका आला किंवा श्वासाला त्रास झाला, तर थेट दवाखाना.

सर्दी, किरकोळ ताप, थोडे जुलाब, वजन कमी, महिने भरण्याआधी जन्म : यांतल्या कशानेही लस टाळायची नसते. उलट अशक्त लेकराला गोवर जास्त छळतो. गोवर निघाला की आपल्याकडे दारात लिंबाचा पाला लागतो, घरात फोडणी बंद होते. बाळाला वेगळं ठेवणं, विश्रांती देणं हे त्यातलं शहाणपण ठीकच आहे; पण गोवरामागून येणारा न्यूमोनिया आणि जुलाब पाल्याने थांबत नाहीत. तिथं दवाखाना आणि अ जीवनसत्त्वाचे डोसच लागतात. देवीवर श्रद्धा असलेल्या घरात श्रद्धेची टिंगल करणाऱ्याला पुन्हा दार उघडत नाही. नवस आणि लस दोन्ही चालतात, असं म्हणणारी आशाताई आत जाते.

अफवांचं मूळही जुनं आहे. ‘या सुईने पुढे मूल होत नाही’ हा संशय पल्स पोलिओच्या काळातही होता आणि २७ नोव्हेंबर २०१८ पासून राज्यात नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी गोवर-रुबेलाची मोहीम झाली तेव्हा व्हॉट्सॲपवरून पुन्हा फिरला. आणीबाणीतली सक्तीची नसबंदी विसरून त्याला निव्वळ अडाणीपणा म्हणता येत नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात गोवराने बालकं दगावली. गोवराचा एक रुग्ण लस न घेतलेल्या बारा-पंधरा जणांना सहज लागण करू शकतो. म्हणून साथ रोखायला दोन्ही डोस ९५ टक्के मुलांना मिळावे लागतात. पाचव्या सर्वेक्षणात दोन-तीन वर्षांच्या मुलांत दुसरा डोस मिळालेली मुलं देशात एक तृतीयांशापेक्षा कमी होती. गोवंडी आणि नांदेडच्या दाट वस्त्यांमध्ये रेल्वेच्या एका रात्रीचं अंतर आहे.

विश्वासाची बाजू

आईबापांना उपदेश करणं सोपं असतं. पण बोलावणाऱ्याचं घरही नीट असावं लागतं. ३१ जानेवारी २०२१ रोजी नांदेडला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी गावात, पोलिओच्या थेंबांऐवजी बारा मुलांना सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं वाचली, कर्मचारी निलंबित झाले, पण ती बातमी प्रत्येक पारावर पोचली. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२३ च्या सांध्यावर नांदेडच्या विष्णुपुरीतल्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ मृत्यू झाले. त्यांत १२ नवजात होती. त्या मृत्यूंचा लसीशी काडीचा संबंध नव्हता. पण ज्या घराने ती बातमी ऐकली त्याला अंगणवाडीतली सिस्टर आणि विष्णुपुरीचं रुग्णालय ही एकाच ‘सरकारी दवाखान्याची’ दोन तोंडं वाटतात. औषधांचा तुटवडा, रिकामी पदं, बंद उपकेंद्र यांचं ओझं शेवटी पेंटाच्या सुईवर पडतं.

बारीकसारीक गोष्टींनीही विश्वास जातो. मजुरी बुडवून आई सत्राला आली आणि डबाच आला नाही. किंवा गोवर-रुबेलाची व्हायल उघडली की चार तासांत संपवावी लागते, म्हणून एकाच बाळासाठी ती फोडायला हात आखडला आणि आईला ‘पुढच्या महिन्यात या’ म्हटलं. धोरण स्पष्ट आहे : एका बाळासाठीही व्हायल उघडावी. वाया गेलेल्या डोसपेक्षा परत गेलेली आई महाग पडते.

दंडुका, डाळ आणि हप्ता

मग काय केल्याने फरक पडतो? सक्तीचा प्रयोग जवळच झाला. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करोनाची लस घेतल्याशिवाय पेट्रोल आणि रेशन नाही, असा आदेश निघाला. साथीत मोठ्यांच्या एखाद्या डोसापुरतं ते चाललं असेल. बाळाच्या पाच-सहा भेटी दीड-दोन वर्षं पसरलेल्या असतात. तिथं धाकाने आलेली आई दुसऱ्यांदा येत नाही, आणि रेशन तोडलं तर उपाशी राहतं तेच लेकरू.

याउलट राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात सेवा मंदिर संस्थेबरोबर अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. काहीच न केलेल्या गावांत पूर्ण लसीकरण ६ टक्के. दर महिन्याला न चुकता शिबिर घेतलेल्या गावांत १८ टक्के. शिबिराबरोबर प्रत्येक डोसला किलोभर डाळ आणि सगळे डोस झाल्यावर ताटांचा संच दिलेल्या गावांत ३९ टक्के. डाळीसाठी कुणी आपली श्रद्धा बदलली नसणार. ज्यांचं ‘उद्या जाऊ’ चाललं होतं त्यांना आज जायला निमित्त मिळालं, एवढंच. आणि शिबिर न चुकता झाल्यानेच आकडा तिप्पट झाला, हे डाळीच्या चर्चेत विसरलं जातं.

आपल्याकडे असं निमित्त कागदावर आहे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी मिळणाऱ्या पाच हजारांपैकी दोन हजारांचा हप्ता जन्मनोंदणी आणि लसीकरणाची पहिली फेरी पूर्ण झाल्यावर मिळतो. हा हप्ता चौदाव्या आठवड्याच्या आसपास खात्यात पडला तर तो डाळीचं काम करतो. आधार जुळत नाही म्हणून वर्षाने पडला तर त्याचा लसीशी संबंध कुणाला आठवत नाही. आशाताईला बाळाचं पहिल्या वर्षाचं लसीकरण पूर्ण केल्याबद्दल १०० रुपये आणि दुसऱ्या वर्षाचं केल्याबद्दल ७५ मिळतात. दोन वर्षं एका लेकरामागे फिरण्याचा हा मोबदला आहे, आणि कार्यक्रमाचा सगळा भार तिच्याच चपलांवर आहे.

बापाचा उल्लेख या सगळ्यात क्वचित येतो. सत्राला आई आणते, ताप आला तर बोलणी आई खाते, पण मोटारसायकल, फोन आणि मजुरी बुडवायचा निर्णय बापाकडे असतो. गावातल्या तरुणांचा व्हॉट्सॲप गट अफवा पसरवतो, तसाच तो ‘उद्या अंगणवाडीत लस’ हेही सांगू शकतो. मशिदीतून, मठातून, तांड्यातल्या नायकाकडून आलेला शब्द पत्रकापेक्षा वजनदार असतो, हे पोलिओच्या मोहिमेने दाखवून दिलं.

या सगळ्याचा निष्कर्ष असा की नांदेड-लातूरमध्ये नव्या आईबापांना लसीचं महत्त्व पटवण्यावर जेवढी शक्ती खर्च होते, त्यातली बरीचशी वाया जाते. महत्त्व बहुतेकांना पटलेलं आहे. बीसीजी टोचताना, आई अजून दवाखान्याच्या खाटेवर असतानाच, तिला तीन प्रश्न विचारायला हवेत : दीड महिन्याने तू कुठं असशील, साडेतीन महिन्यांनी कुठं, आणि नऊ महिन्यांनी कुठं? माहेर, सासर, फड, भट्टी, हैदराबाद, जे असेल ते कार्डावर त्या त्या तारखेपुढे लिहायचं आणि तिथल्या केंद्राला कळवायचं. याला नवी लस लागत नाही, नवी इमारत लागत नाही. दोन तालुक्यांच्या आणि दोन राज्यांच्या आरोग्य यंत्रणांनी एकमेकांचे फोन उचलावे लागतात. घरच्यांनी करायचं तेही थोडंच आहे. कार्ड बाळाबरोबर प्रवासाला न्यायचं, तापासाठी आधीच तयार राहायचं आणि डोस चुकला तर न लाजता जवळच्या केंद्रात जायचं, मग ते गाव आपलं असो वा नसो.